आजोबांचा बिल्ला: महायुद्धावर गेलेल्या मराठवाड्यातल्या सैनिकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंबाजोगाईत मी इतिहास शिकवला. निजामाच्या काळात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे घोडदळाची छावणी होती. शिकवता शिकवता मुलं घरून काहीबाही आणायची. कुणी फाटकं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटल्याचं पुस्तक आणायचं, कुणी फडक्यात बांधलेलं पदक. ‘सर, हे पणजोबांचं आहे, काय आहे सांगा.’ बीड, लातूर, परभणी, धाराशिव अशा सगळीकडून आजही तेच प्रश्न येतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

जुन्या पेटीत एक बिल्ला सापडला. हे शौर्यपदक आहे का?

बहुतेक वेळा नाही. आपल्या घरांतून जी पदकं निघतात, त्यांतली बरीचशी सेवापदकं असतात. अमुक युद्धात, अमुक मुलखात नोकरी बजावली म्हणून ती सगळ्यांना मिळायची.

पहिल्या महायुद्धाची तीन ओळखीची आहेत. एक ब्राँझचा तारा, त्यावर फुलीसारख्या दोन तलवारी आणि मध्ये ‘१९१४-१५’. दुसरं चांदीचं गोल पदक, एका बाजूला राजा पाचवा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस. तिसरं ब्राँझचं, त्यावर पंख असलेली विजयदेवता आणि इंद्रधनुष्यासारखी फीत. चांदीच्या पदकाचीच ब्राँझची आवृत्तीही होती. ती मजूर तुकड्यांतल्या लोकांना दिली गेली. तुमच्याकडे ब्राँझचं निघालं तर हलकं समजू नका. तो माणूस बंदूक न घेता त्याच तोफांच्या माऱ्याखाली रस्ते बांधत होता, ओझी वाहत होता.

दुसऱ्या महायुद्धाचे तारे सहा टोकांचे आहेत: १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, बर्मा स्टार. इटलीची फीत लाल, पांढऱ्या, हिरव्या पट्ट्यांची असते, चटकन ओळखता येते. सिंहाच्या पायाखाली दोन तोंडांचा राक्षसी प्राणी दिसला तर ते वॉर मेडल. भारताचा नकाशा दिसला तर इंडिया सर्व्हिस मेडल.

याखेरीज एखाद्या घरात तळहाताहून मोठी ब्राँझची गोल तबकडी निघते. तिच्यावर सिंह, हातात त्रिशूळ घेतलेली स्त्री आणि उठावदार अक्षरांत नाव असतं, हुद्दा मात्र नसतो. ती तबकडी पहिल्या महायुद्धात मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवली जायची. ती निघाली तर समजा, तो माणूस परत आला नव्हता.

पदक कुणाचं ते कसं कळणार?

कड वाचा. सगळ्यांत आधी सांगायची गोष्ट हीच आहे, पण लोक राजाचा चेहरा बघतात आणि कड तशीच सोडून देतात. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर हीच माहिती पाठीमागे असते. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या सैनिकांना बिननावाची पदकं मिळाली, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर साधारणपणे नाव आढळतं.

उजेड तिरपा पडेल असं धरा, भिंगातून बघा, मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. स्पेलिंगवर अडून बसू नका. ‘मराठा’ हा शब्द त्या काळी इंग्रजीत एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असा लिहीत. नावं तर साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली आहेत.

मग खरी शौर्यपदकं कोणती?

वरून खाली सांगतो. व्हिक्टोरिया क्रॉस सगळ्यांत वर. ब्राँझचा क्रूस, गडद किरमिजी फीत, त्यावर ‘फॉर व्हॅलर’ ही अक्षरं. १८५६ साली तो सुरू झाला, पण हिंदी सैनिकांना १९११ पर्यंत तो मिळूच शकत नव्हता. तो मिळवणारे पहिले हिंदी सैनिक बलुची पलटणीतले खुदादाद खान. बेल्जियममध्ये ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी त्यांनी सगळे साथीदार पडल्यावरही मशीनगन चालू ठेवली होती. पहिल्या महायुद्धात ११ हिंदी सैनिकांना हा मान मिळाला.

त्याखालचं इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट. हे कंपनी सरकारच्या काळातलं, १८३७ चं, म्हणजे व्हिक्टोरिया क्रॉसपेक्षाही जुनं. चांदीचा तारा, फीत गडद निळी आणि कडा किरमिजी. मग १९०७ साली सुरू झालेलं इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल. त्याच्या फितीचे रंग बरोबर उलटे, मध्ये किरमिजी आणि कडांना निळा. दुसऱ्या महायुद्धात मिलिटरी मेडलही अनेकांना मिळालं. त्याच्या मागच्या बाजूला ‘फॉर ब्रेव्हरी इन द फील्ड’ असं कोरलेलं असतं.

एक खूण मात्र सहज नजरेतून सुटते. साध्या वॉर मेडलच्या किंवा विजयपदकाच्या फितीवर ओकच्या पानाची छोटी ब्राँझची पिन असेल, तर त्या सैनिकाचं नाव सेनापतीच्या अहवालात आलं होतं. धुताना, पुसताना ती पिन गळून पडते आणि तिच्याबरोबर सगळी गोष्टच जाते. फितीवर दोन बारीक भोकं दिसली तरी मला कळवा.

असं काय केलं की व्हिक्टोरिया क्रॉस मिळतो?

दोन मराठी माणसांची हकिगत सांगतो. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघेही १९२१ च्या नोव्हेंबरात जन्मलेले, आणि दोघांचीही लढाई इटलीत झाली.

नाईक यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातले, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. तिसऱ्या बटालियनमध्ये एका रायफल सेक्शनचे ते कमांडर होते. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या कंपनीने शत्रूच्या पक्क्या ठाण्यावर चाल केली. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. सेक्शनमधला प्रत्येक माणूस मेला किंवा जखमी झाला, घाडगे एकटे उभे राहिले. सोबत यायला कुणी उरलेलं नाही हे त्यांना समोर दिसत होतं, तरी ते धावत सुटले. आधी बॉम्ब फेकला, त्याने मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गार झाले. मग टॉमीगनने आणखी एकाला पाडलं. गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने उरलेल्या दोघांना झोडपून मारलं. तेवढ्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत घुसल्या. जिंकलेल्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. वय २२.

त्यांची कबर नाही. नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावला पुतळा आहे, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. हे वाचून मला वर्गात बोलता येईना. जिथे तो पोरगा पडला, तिथल्या माणसांनी जवळजवळ ८० वर्षांनी त्याची सावली मोजायला दगड उभा केला.

शिपाई नामदेव जाधव संगमनेर तालुक्यातल्या निमजचे, पहिल्या बटालियनमध्ये कंपनीचे रनर. रनर म्हणजे निरोप्या. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या पूर्वेच्या बांधावर हल्ला होता. नदी ओलांडताना त्यांची छोटी तुकडी जवळजवळ सगळी कापली गेली. जाधवांनी एक जखमी खांद्यावर घेतला आणि खोल पाण्यातून, उभ्या चढावरून, पेरलेल्या सुरुंगांमधून मागे नेऊन ठेवला. मग परत आले आणि दुसऱ्याला नेलं. वरून गोळीबार चालूच होता. मला विचाराल तर पदक इथेच मिळालं. पण ते तिसऱ्यांदा पुढे गेले आणि मशीनगनच्या ठाण्यावर तुटून पडले. हाताला गोळी लागली, टॉमीगन धरता येईना, म्हणून ती टाकून दिली आणि बॉम्ब फेकत राहिले. शत्रूची तीन ठाणी गप्प केली. शेवटी बांधाच्या माथ्यावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना वर बोलावलं. त्या बांधावर डोकं वर काढणं म्हणजे काय, हे कालव्याच्या भरावावर उभं राहून पाहिलेल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. जाधव जगले. १९८४ साली पुण्यात ते वारले.

मराठवाड्यातल्या कुणाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला का?

हे दोघे मराठवाड्याचे नाहीत, एक कोकणातला आणि एक नगरचा. पण मराठवाड्याच्या मातीवर घडलेलं एक शौर्य इथल्या मुलांना माहीत असावं म्हणून सांगतो, जरी ते महायुद्धातलं नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला, हैदराबादच्या कारवाईच्या पहिल्याच दिवशी, नळदुर्गजवळ शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

आपण तर निजामाच्या राज्यात होतो. मग इथले लोक इंग्रजांच्या युद्धात कसे गेले?

दोन वाटांनी, आणि त्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर शोध भरकटतो.

पहिली वाट इंग्रजांच्या फौजेची. निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेली हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद इथे असायची. १९०३ मध्ये ती इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. तिच्यातूनच पुढे आलेलं डेक्कन हॉर्स हे घोडदळ १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वूड नावाच्या जंगलाजवळ घोड्यावरून भाले घेऊन धावून गेलं होतं. मशीनगनच्या जमान्यात, उभ्या पिकातून!

दुसरी वाट संस्थानच्या स्वतःच्या फौजेची. हैदराबाद लान्सर्स पहिल्या महायुद्धात इजिप्त आणि पॅलेस्टाइनला गेले. दिल्लीच्या तीनमूर्ती चौकात तीन पुतळे आहेत ना, ते जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांच्या घोडेस्वारांचे आहेत. दुसऱ्या महायुद्धात हैदराबाद संस्थानची पायदळ बटालियन मलायात कोटा भारूला होती. जपान्यांचा पहिला धक्का तिथेच बसला, डिसेंबर १९४१ मध्ये.

आता घोटाळा कुठे होतो ते सांगतो. कागदावर ‘१९ हैदराबाद रेजिमेंट’ दिसलं की लोक ही आपली पलटण म्हणतात. नाव हैदराबादचं असलं तरी दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिच्यात प्रामुख्याने कुमाऊँ, जाट, अहीर जवान होते. १९४५ मध्ये तिचं नाव कुमाऊँ रेजिमेंट झालं. ‘पहिली हैदराबाद इन्फंट्री’ म्हणजे संस्थानची पलटण वेगळी. कागदावरचा एक शब्द नीट वाचला की वर्षभराची धावपळ वाचते.

आमचे आजोबा महार पलटणीत होते. तेही असंच शोधायचं का?

हो. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये १११ महार नावाची पलटण उभी झाली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली गेली. त्याआधी कित्येक वर्षं महारांची भरतीच बंद होती. ज्यांच्या बापजाद्यांनी कंपनीच्या फौजेत नाव कमावलं, त्यांना दारातून परत पाठवलं गेलं. हा अन्याय होता, आणि पदकाची गोष्ट सांगताना तोही सांगितला पाहिजे. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. आजोबांच्या कागदावर कोणतं वर्ष आहे त्यावरून पलटण ठरेल.

आमचे पणजोबा ‘बसऱ्याला’ गेले म्हणतात. बसरा म्हणजे कुठे, आणि त्यांचं नाव कुठेच का नाही?

बसरा आजच्या इराकमध्ये, शत-अल-अरब नदीवर. पहिल्या महायुद्धात मराठी पलटणी सगळ्यांत जास्त तिथेच राबल्या. इंग्रजांच्या जनरल टाउनशेंडची फौज बगदादच्या जवळ पोचून मागे हटली आणि कुत गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने तुर्कांचा वेढा. धान्य संपलं. घोडे कापून खायची वेळ आली तेव्हा आपल्या शिपायांनी ते नाकारलं. धर्माचार्यांनी मुभा दिल्याचे निरोप आले तरी किती तरी जण खाईनात. शेवटी १३ हजारांच्या आसपास माणसं शरण गेली आणि कैदेत वाळवंटातून पायी हाकलली गेली. त्यांतले हजारो वाटेत मेले. आपल्याकडच्या म्हाताऱ्या ‘बसऱ्याला गेला’ म्हणताना आवाज उतरवायच्या, त्याचं कारण हे आहे.

नाव का नाही, त्याचं उत्तर कडू आहे. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज सैनिकांची नावं लिहिली, हिंदी अधिकाऱ्यांची लिहिली, पण साध्या हिंदी शिपायांचे आणि हवालदारांचे फक्त आकडे लिहिले. अमुक पलटण, इतके. युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानेच २०२१ च्या अहवालात ही विषमता मान्य केली. म्हणून दगडावर नाव नाही म्हणजे माणूस नव्हता, असं समजू नका. आयोगाच्या यादीत ती नावं आता आहेत.

नाव शोधायचं तर सुरुवात कुठून करू?

युद्धात मेलेल्यांसाठी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची यादी इंटरनेटवर फुकट आहे. तिच्यात बापाचं नाव आणि गावही पुष्कळदा सापडतं. गाव शोधताना जुनं स्पेलिंग वापरा. बीडला तेव्हा ‘बीर’ किंवा ‘भीर’ लिहीत, नांदेडला ‘नांदेर’, अंबाजोगाई म्हणजे मोमिनाबाद. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, जालना औरंगाबादमध्ये आणि हिंगोली परभणीत होतं. आजचा जिल्हा टाकून शोधलं तर काहीच हाती लागणार नाही.

शौर्यपदकासाठी लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र बघा. तेही फुकट आहे, आणि मोठ्या पदकांसाठी पराक्रमाचं वर्णनही त्यात छापलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या शिफारशींचे मूळ कागद ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आपल्याकडे दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, त्याच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर शोधता येतं. मराठा पलटणीसाठी बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पलटण आणि नंबर लिहून पत्र टाका. नंबर नसेल तर फार आशा धरू नका. संस्थानी फौजेचे कागद हैदराबादला सरकारी अभिलेखागारात आणि बरेचसे उर्दूत आहेत. गावात उर्दू वाचणारे एखादे जुने मास्तर असतील तर आजच जाऊन भेटा.

आमच्याकडचं चांदीचं पदक घरच्यांनी मोडलं. आता काही करता येईल का?

हे मला सगळ्यांत जास्त विचारलं जातं, आणि विचारताना लोक खाली बघतात. खाली बघू नका. आमच्या घरातलं चांदीचं मेडल ७२ च्या दुष्काळात गेलं. खडी फोडायला जाऊनही घरात ज्वारी नव्हती, आजीने ते सराफाकडे दिलं. विजयदेवतेचं ब्राँझचं तेवढं राहिलं, कारण त्याला कुणी काही देईना. ते ती देव्हाऱ्याशेजारी ठेवायची, दसऱ्याला त्यावर आपट्याचं पान वाहायची. सैनिकाने ज्या घरासाठी नोकरी धरली, तेच घर त्या चांदीने काही दिवस जगलं.

पदक गेलं तरी त्याची नोंद जात नाही. उरलेल्या दुसऱ्या पदकाची कड वाचा, पेन्शनचे कागद शोधा, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जुन्या दप्तरात बघा.

परदेशातून कुणीतरी चांगली किंमत देतो म्हणतो. विकू का?

मी विकू नका म्हणेन, पण निर्णय तुमचा. कायदा मात्र समजून घ्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदकं आता त्या वयाची झाली आहेत. कुरिअरने पाठवून द्या म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

साफ कसं करायचं?

करू नका. चिंच, मीठ, राख, लिंबू काही लावू नका. घासलं की कडेवरचं नाव आधी जातं. कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा, फीत जुनी असली तरी काढू नका, आणि प्रत्येक बाजूचा फोटो काढून ठेवा.

ते इंग्रजांसाठी लढले. आपण त्यांचा अभिमान का बाळगायचा?

मराठवाड्यात हा प्रश्न जास्त बोचतो. आपल्या लोकांनी निजामाचं राज्य सोसलं, त्याच्या डोक्यावरची इंग्रजांची सत्ता सोसली आणि शेवटी रझाकारांनाही सोसलं. ज्या १९४२ मध्ये देशभर ‘चले जाव’ चालू होतं, त्याच वर्षी आपले जवान इंग्रजांच्या वर्दीत आफ्रिकेत होते. हे झाकायचं कारण नाही.

पण त्या जवानाच्या घरात डोकावून बघा. कोरडवाहू जमीन, सावकाराचं कर्ज, आणि भरतीच्या ठिकाणी दोन वेळच्या भाकरीची हमी. तो कुणाचं साम्राज्य वाचवायला निघाला नव्हता. रणात पोचल्यावर तो शेजारच्या माणसासाठी लढला. नामदेव जाधव पाण्यातून दोनदा माघारी आले ते राजासाठी नव्हे. आणि दुसऱ्या महायुद्धात समोर कोण होतं, तेही विसरू नये. हिटलरची फौज इटलीतून हटवायला आपल्या गावांतल्या पोरांचं रक्त सांडलं. सुमारे २५ लाख हिंदी सैनिक त्या युद्धात होते, ८७ हजारांहून अधिक मेले. राज्यकर्त्यांवर राग जरूर धरा. त्या २२ वर्षांच्या नाइकावर मी तो धरू शकत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकाच्या विधवेला काही मदत मिळते का?

ज्यांना पेन्शन नाही अशा दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकारकडून दरमहा अर्थसाहाय्य आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात डिस्चार्ज बुक घेऊन जा. आजी थकल्या असतील तर तुम्ही जा, पण आज जा.

आजोबा कधी काही बोललेच नाहीत. आता कुणाला विचारू?

मलायात, सिंगापुरात जे जपान्यांच्या कैदेत पडले ते घरी आल्यावर फार कमी बोलले. ज्यांनी माणूस मारला तेही बोलत नसत. पण घरातल्या बायकांना काही ना काही माहीत असतं. सर्वांत थोरल्या आत्याकडे जा. युद्धाबद्दल विचारू नका, रोजचं विचारा. आजोबा झोपेत ओरडायचे का, कोणता पदार्थ तोंडाला लावत नसत, पावसात दुखायचा तो पाय कोणता. परक्या गावाचं नाव त्या जसं उच्चारतील तसंच लिहून घ्या, सुधारू नका. एका म्हाताऱ्या बाईंनी मला ‘किरन’ म्हणून सांगितलं होतं. मी दोन वर्षं ते माणसाचं नाव समजत राहिलो. ते इरिट्रियातलं केरन होतं. १९४१ मध्ये तिथल्या डोंगरावर मराठा पलटण चढली होती, आणि त्यांच्या वडिलांच्या गुडघ्यात तिथलाच लोखंडाचा तुकडा शेवटपर्यंत होता.